सुतारमामा आणि सात नंबरची गाडी

सुतारमामा हात मिळवायचे तेव्हा समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, नखांकडे बघत. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात धरून हलकेच उलटा केला, पाची नखं निरखली आणि म्हणाले, "पुण्याचे दिसताय. काळं कायच न्हाई." मग हात सोडला. "बरं हाय. काळं असलं की मानसानं काय केलंय ते कळतंय. तुमचं काय कळायचं न्हाई, एवढंच."

बोलणं कोल्हापूरचं असलं तरी जागा जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या बाहेरची एक पत्र्याची शेड होती. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. क्रोनर नावाच्या एका गृहस्थांनी शर्यतींची मालिका काढली होती. निरनिराळ्या स्पर्धांतले बारा अव्वल ड्रायव्हर गोळा करायचे, कोणी रॅलीतला, कोणी ट्रकच्या शर्यतीतला, आणि सगळ्यांना एकसारख्या स्टॉक कार द्यायच्या. ही गाडी बाहेरून रस्त्यावरच्या गाडीसारखी दिसते, आत मात्र एक सीट, लोखंडी पिंजरा आणि इंजिन, बस. शर्यतीच्या सकाळी ड्रायव्हरनं हेल्मेटमधली चिठ्ठी उचलायची. जो नंबर निघेल ती त्याची गाडी. म्हणजे जिंकला तर माणूस जिंकला, गाडी नाही. मोसमात सहा शर्यती होत्या. गाड्या सारख्या ठेवायच्या हे मामांचं काम आणि त्या सारख्या आहेत हे आकड्यांनी दाखवायचं हे माझं.

मामा मूळचे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले फिटर. सत्तरच्या दशकात एका कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलं आणि इथेच राहिले. तीस वर्षांत त्यांचं जर्मन पक्कं श्वाबिश, म्हणजे तिथल्या गावबोलीचं झालं होतं, मराठी मात्र जशीच्या तशी होती. त्यांचा कशावर विश्वास नसे. वर्कशॉपच्या फ्रीजमधल्या दुधाच्या पिशवीवर ते पेनानं रेघ मारून ठेवत. बाजारातून आणलेले टोमॅटो घरी परत तोलत. कोणी जर्मन ठासून 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाला की माझ्या कानाशी येत, "गेनाऊ म्हनला न्हवं? आता आपन दोनदा मोजायचं." बारा गाड्या ओळीनं उभ्या करून क्रोनर पाहुण्यांना म्हणायचे, बघा, जुळ्या बहिणी. मामा मागून मला मराठीत, "एवढं सारखं दिसतंय म्हंजे कुठंतरी कायतरी झाकलंय बगा."

आणि हाच माणूस माझ्या घरासाठी जामीन राहिला. आम्हा नवराबायकोला कोणी भाड्यानं घर देईना, घरमालकाला ब्युर्गे हवा होता, म्हणजे इथल्या कोणा पगारदाराची हमी. मी अजून विचारलंही नव्हतं. मामांनी स्वतःहून कागद ओढून घेतला. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "तुमच्यावर इस्वास हाय म्हनून सही करतोय असं समजू नका, देशपांडे साहेब. त्या घरमालकावर न्हाई, म्हनून करतोय."

आता मूळ गोष्ट सांगतो. कितीतरी वर्षं ती आमच्या मराठी मंडळात मामांच्या नावावर सांगितली गेली, आणि मी ती ऐकत बसलो.

मोसमाआधी प्रत्येक गाडी चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून तोलायची. टाकी रिकामी हवी, हा मामांचा नियम. जी गाडी हलकी भरेल तिच्या तळाला दहा-दहा किलोच्या शिशाच्या पट्ट्या बोल्टनं बसवायच्या, म्हणजे बाराही गाड्यांचं वजन एक. मग मामा त्यावर सील मारायचे. सील दाबायची पक्कड फक्त त्यांच्याकडे असे. सात नंबरची गाडी चाचणीवरून सगळ्यात उशिरा आली. दुपारी दोनला माझा आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, टर्मिन होता, भेटीची ठरलेली वेळ, व्हिसा वाढवून घ्यायचा होता आणि तो टर्मिन मला दीड महिन्यानं मिळाला होता. मी गाडी काट्यावर घेतली, आकडा उतरवला, 'टाकी रिकामी' या चौकटीत खूण केली, पट्ट्या बसवणाऱ्या पोरांना 'चार' असं ओरडून सांगितलं आणि पळालो. टाकी रिकामी केली आहे का हे मी पाहिलं नाही. ती नव्हती. पेट्रोलचं वजन गाडीचं म्हणून कागदावर चढलं, आणि त्यामुळे सातला चारच पट्ट्या बसल्या. इतर गाड्यांना सहा-सात होत्या.

पहिली शर्यत सात नंबर जिंकली. दुसरी सात नंबर जिंकली, ड्रायव्हर वेगळा. तिसऱ्या वेळी ज्याच्या चिठ्ठीत सात निघाला तो ड्रायव्हर हसला, आणि बाकीचे अकरा मामांकडे बघायला लागले. त्या दिवसापासून शेडची हवाच बदलली. जेवायच्या टेबलावर मामा आले की बोलणं थांबायचं. कोणीतरी सातवर सट्टा लावतंय अशी कुजबुज होती. मामाही सगळ्यांवर नजर ठेवून होते. हत्यारांच्या खणाला ते दोरा चिकटवून जायचे आणि सकाळी तो तुटलाय का बघायचे. मला म्हणाले, "गाडीत कायतरी हाय. इंजिन बगितलं, टायर बगितले. ऱ्हायलं वजन. परत तोलूया का?"

"वजन बरोबर आहे मामा. मी स्वतः केलंय."

"म्हनून तर म्हनतोय, तुमच्यादेखतच करू."

"क्रोनर वेळ देणार नाहीत," मी म्हणालो. क्रोनरना मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी विसरलेला चार्जर आणायला शेडवर गेलो. काचेतून पाहिलं तर सात नंबरखाली मामांचे पाय दिसत होते आणि फरशीवर कापलेलं सील पडलं होतं. मी दार ढकललं नाही. आत जाऊन 'मामा, काय करताय' एवढं विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माझ्याही मनात तोवर ते भरलं होतंच: याच्याचकडे पक्कड आहे, हाच एकटा येतो. सोमवारी मी क्रोनरना सांगितलं.

क्रोनरनी मामांना माझ्यासमोरच बोलावलं. "रविवारी तुम्ही सील कापलंत?"

"हो."

"कशाला?"

"पट्ट्या मोजायला. चारच आहेत, बाकीच्या गाड्यांना सहा-सात."

क्रोनर खुर्चीत मागे रेलले. "कमी आहेत हे मलाही पटतं, मिस्टर सुतार. कुठे ठेवल्यात त्या?"

मामांना प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "गाडी तोला. सगळ्यांसमोर तोला. आणि कागद बघा, किती बसवायला सांगितल्या होत्या ते."

"देशपांडे तोलतील," क्रोनर म्हणाले. "कागदही त्यांच्याकडेच आहे."

मी एकट्यानं गाडी तोलली. टाकी रिकामी करून. एकतीस किलो कमी भरली. कॉम्प्युटरवर माझाच तक्ता उघडला, त्यात सातसमोर चार पट्ट्या लिहिलेल्या होत्या. त्या क्षणी मला तो टर्मिन आठवला, ती चौकट आठवली. सगळं कळलं. पंधरा मिनिटं मी तिथे उभा होतो. व्हिसा या नोकरीवर होता. घरी बायकोला पाचवा महिना होता. ही कारणं त्या वेळी मला फार मोठी वाटली. आज ती लिहिताना मला त्यांचं वजन जाणवत नाही. मी तक्त्यात चाराचे सात केले, नवा कागद छापून त्यावर सही केली. कपाटातल्या तीन पट्ट्या आणि एक लहान तुकडा गाडीला बसवला. मग वर जाऊन क्रोनरना सांगितलं, "कागदावर सात आहेत. गाडीत चार होत्या. आता बरोबर आहे."

मामांना त्याच दिवशी काढलं. डब्याची पिशवी आणि स्वतःची चार हत्यारं घेऊन ते निघाले. जाताना प्रत्येकाशी हात मिळवला, माझ्याशीही. त्या दिवशी त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं.

उरलेल्या तिन्ही शर्यतींत सात नंबर एकदाही जिंकली नाही. जो तो म्हणाला, बघा, सुतार गेला आणि गाडी सरळ झाली. मामांच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मी असा स्वतःच्या हातानं बोल्ट आवळून तयार केला होता.

पुढच्या वर्षी मालिका बंद पडली. मला दुसरीकडे नोकरी लागली. मामांना मात्र शर्यतीच्या धंद्यात कोणी घेतलं नाही. ते एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागले. मंडळाच्या गणपतीत एकदा समोरासमोर आलो. हातात प्रसादाची वाटी होती, त्यामुळे निसटता आलं नाही.

"काय साहेब, पोरगी मोठी झाली?"

"हो मामा. दोन वर्षांची."

"बरं." त्यांनी शिऱ्याचा घास खाल्ला. "तुमच्या कागदावर सातच होत्या न्हवं?"

"हो मामा."

"मला वाटलं, तुम्ही चार वरडून सांगितल्या. पोरांनी चार बसवल्या असं मला आठवतंय. म्हातारं डोस्कं." आणि ते थांबले. नुसते थांबून राहिले, जशी एखाद्याला रांगेत पुढे जायला जागा द्यावी.

मी म्हणालो, "असेल गैरसमज."

"असंल," मामा म्हणाले. वाटी ठेवून चपला शोधायला गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी हृदयाच्या झटक्यानं ते गेले. तेराव्याला मी बॉबलिंगेनच्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. शेडवरचे पाच-सहा जण आले होते, केकच्या टेबलाशी सांभाळून बोलत होते. त्यातला एक मेकॅनिक मला म्हणाला, भला माणूस होता, ते सातचं एक सोडलं तर. मी केकची बशी खाली ठेवली. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. सुतारमामी पोळ्या फडक्यात गुंडाळत होत्या.

"मामी, सातच्या पट्ट्या मामांनी काढल्या नव्हत्या."

त्या वळल्या नाहीत. "बरं वाटावं म्हणून सांगू नका भाऊ. मी काय आता लहान आहे?"

"नव्हत्या काढल्या. वजन मी चुकवलं होतं. नंतर कागदही मीच बदलला."

त्यांनी डबा बंद केला, परत उघडला. मग स्टुलावर बसल्या.

"मी ह्यांना विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "नोकरी गेली त्या रात्री. म्हटलं, खरं सांगा, तुम्ही केलंत का? तर म्हणाले, तुला काय वाटतं? मी गप्प बसले. त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. अहो, ह्यांचा स्वभाव तसला, दुधावर रेघा मारणारा. मला वाटलं, जो सगळ्यांवर संशय घेतो त्याच्याच मनात काही असणार." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पाच वर्षं एका घरात राहिले मी, तसं समजून."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हातानं थांबवलं. बाहेरच्या खोलीतून त्यांची मुलगी वैशाली आत डोकावली आणि जर्मनमध्ये विचारलं, काय झालं? मामी तिला म्हणाल्या, "काही नाही, येतो आम्ही बाहेर." मग माझ्याकडे बघून, "मराठीत मला सांगून झालं. हिला मराठी कळतं, पण बाहेरच्यांना नाही. आता जर्मनमध्ये सांगा. सगळ्यांना. मी बसते तिथे."

त्या पुढे गेल्या आणि मामांच्या फोटोशेजारच्या खुर्चीवर बसल्या. मी टेबलाशी उभा राहिलो. आकड्यापासून सुरुवात केली, कारण त्या लोकांना तेच आधी कळलं असतं: सात नंबर, एकतीस किलो, माझी सही.