आधी जेवणाचं बोला

“दुखण्याचं नंतर, आधी जेवणाचं बोला.” म्हातारं माणूस समोर बसलं की आमच्या डॉक्टरबाई हेच म्हणायच्या. इकडे आखातात, अल बर्शातल्या क्लिनिकमध्ये मी रक्त काढायचे, तेव्हा रोज ऐकायचे. पेशंटला वाटायचं, बाई डाएटवाल्या दिसतात. तुम्हालाही हसू आलं असतं.

मग माझ्या सासूबाई साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आल्या. श्रावण होता. भाकरी बंद, पोळी बंद, नुसता दहीभात. “व्रत आहे गं,” म्हणाल्या. आम्हाला काय कौतुक, या वयात केवढी श्रद्धा म्हणून. एका सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे अंधार आला आणि चहा होईपर्यंत गेलाही. मी आणि नवरा त्यांना घेऊन तसेच क्लिनिकला धावलो.

डोकेदुखी नाही, ताप नाही. रक्ताचे रिपोर्टही जवळजवळ नॉर्मल. बाईंनी जेवणाचं विचारलं आणि ‘नुसता दहीभात’ ऐकताच माझ्या डब्यातली पोळी मागवली. “चावा, आजी. थांबू नका.”

चार घासांत सासूबाईंनी जबडा धरला. “थांबलं की बरं वाटतं बघा. नवी कवळी बोचते. सुनेला कशाला ताप, म्हणून व्रताचं सांगितलं.”

“कवळी पहिल्याच घासाला बोचते, आजी.” बाईंनी त्यांच्या कानशिलावरची नस चाचपली आणि बाईंचाच चेहरा बदलला. “रक्तवाहिनीला सूज आहे. आज जबड्याला रक्त पुरत नाही, उद्या डोळ्याला पुरणार नाही. स्टिरॉइड आत्ताच सुरू करू. नसेचा तुकडा नंतर तपासायला पाठवू.”

नवरा अडून बसला. “मॅडम, आईला शुगर आहे, स्टिरॉइडने वाढेल. तुकड्याचा रिपोर्ट तरी येऊ द्या.”

“रिपोर्ट थांबेल हो, डोळा नाही थांबणार. यल्ला, चला लवकर, हो म्हणा.”

तो हो म्हणाला. शुगर भडकली. घरात कुणी कुणाशी धड बोलेना. मला तर बाईंचा रागच आला होता. रोज उठल्या उठल्या मी सासूबाईंना खिडकीशी न्यायचे आणि एकेक डोळा झाकून विचारायचे, मेट्रो दिसते का.

रिपोर्ट आला. सूजच होती, डोळा वाचला होता. सांगायला गेले, तर बाई म्हणाल्या, “झोप नव्हती गं मला. चुकले असते, तर त्या माउलीला उगाच छळलं असतं.” आम्हाला दटावणारी ही बाई आतून एवढी घाबरली होती.

यंदा बाई गेल्या. हार्ट अटॅक. सासूबाईंना सांगायचा धीर मला होईना. परवा मी क्लिनिकमध्ये असताना त्यांचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. “बाईंना दाखव की जरा.”

मी फोन बाईंच्या रिकाम्या केबिनकडे फिरवला.

“सांगू नकोस गं,” म्हणाल्या. “दिसतंय मला.”