सहस्रकुंड, पोटावरचा कॅमेरा आणि मावशीचा व्हिडिओ

सहस्रकुंडाला जायचं हे आमच्या घरी दर पावसाळ्याच्या शेवटी ठरतं आणि दिवाळीची साफसफाई निघाली की बारगळतं. या वर्षी मात्र माघार घ्यायला जागा नव्हती, कारण मी अॅक्शन कॅमेरा घेऊन बसलो होतो. पाण्यात बुडवा, गाडीवरून पाडा, त्याला काही होत नाही असं खोक्यावर लिहिलेलं. मी यवतमाळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. माझ्या दिवसातली सगळ्यात मोठी अॅक्शन म्हणजे खुर्ची मागे सरकवून उठणं. माझी बायको सुजाता शाळेत शिकवते आणि नेमका प्रश्न विचारायची तिला सवय आहे. तिने खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "याच्यात अॅक्शन कोण करणार हाये?"

सुजाताची आई आमच्याकडेच राहते. धबधब्याचं ठरतंय हे कानावर पडताच त्या म्हणाल्या, "तिकडं जाताच हाये तर कौसल्येकडं जाऊन या, जवाईबापू. तिचा चेहरा तेवढा आणा त्या यंत्रात."

कौसल्यामावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. धबधब्याच्या अलीकडे, पैनगंगेच्या काठावरच्या एका गावात एकटी राहते. मुलगा-सून पुण्याकडे कंपनीत आहेत. दोन वर्षांपूर्वी मावशीचे यजमान वारले तेव्हा आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्यांना जाता आलं नाही. तेव्हापासून मावशी त्यांच्याशी बोलत नाही. फोन लावला की "हो, बरी हाये" म्हणते आणि ठेवून देते.

मी छाती फुगवून म्हणालो, "आई, मोठ्या टीव्हीवर दाखवतो मावशीले. फोर-केमध्ये."

"कशात बी दाखवा," आई म्हणाल्या, "पण दाखवा."

रविवारी उजाडताच निघालो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड हा रस्ता आता एवढा गुळगुळीत झालाय की मोटरसायकलवर झोप येते. पेट्रोल उमरखेडलाच भरून घ्या. पुढे ढाणकीच्या वाटेला लागलं की रस्ता स्वतःच तुम्हाला जागं ठेवतो.

कॅमेरा छातीवर बांधायचा पट्टा मी मागवला होता. रस्ता, हँडल, दोन्ही हात, दुतर्फा फुटलेला कापूस, सगळं एकाच चौकटीत येणार होतं. आर्णीला आलुबोंडा खाल्ला, तेव्हाही कॅमेरा चालूच होता. टपरीवाला माझ्या छातीकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हार्टचं मशीन लावलं काय?" मी हसून घेतलं. सुजाता माझ्यापेक्षा जास्त वेळ हसली.

महागावला चहासाठी थांबलो आणि फोनवर पाहिलं, तर यवतमाळपासून तिथपर्यंतचं सगळं रेकॉर्डिंग निव्वळ आभाळाचं होतं. पट्टा छातीवर होता हे खरं, पण माझं पोट त्याला खालून टेकू देत होतं. मी गाडीवर बसलो की कॅमेरा वर तोंड करायचा. अधूनमधून विजेची तार आणि एकदा एक बगळा, बाकी निळं.

"आभाळ मस्त आलं," सुजाता म्हणाली. "फोर-के हाये ना?"

मग कॅमेरा हेल्मेटवर चढवला. त्यामुळे पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये मी जिकडे पाहतो तिकडे जग फिरतं, आणि खड्डा आला की मी किती वेळा मान खाली घालतो हेही कळतं. शेतात सोयाबीन काढणं सुरू होतं. मळणीयंत्राचा भुसा रस्त्यावर उडत होता आणि माझ्या मिशीत बसत होता. उमरखेडला पोळी, वांग्याची भाजी आणि ठेचा असं साधं जेवण मिळालं.

दुपारी मावशीच्या दारात पोचलो. ती ओट्यावर बसली होती, पदर कपाळावर ओढलेला. "जय भीम, मावशी," सुजाता म्हणाली, तशी मावशीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"सुजी काय? ये. जवाई बी आले काय?"

मी हेल्मेटसकट "जय भीम" केला. खरं सांगायचं तर मी तेव्हा मावशीकडे पाहतच नव्हतो. हेल्मेटवरचा लाल दिवा लुकलुकतोय की नाही हे फोनच्या काचेत बघत होतो. मावशीने आतून पाणी आणलं. गडव्यातून पेल्यात ओतताना अर्धं ताटात सांडलं. सुजाता माझ्या कानाशी म्हणाली, "राग हाये अजून."

परसात मावशीने दोडक्याचा वेल दाखवला, कोंबड्या दाखवल्या. मी मागे मागे शूटिंग करत होतो. शेवटी मी कॅमेरा हातात घेतला, अगदी तिच्या चेहऱ्याजवळ नेला आणि म्हणालो, "मावशी, आईसाठी दोन शब्द बोला ना."

"कायले? मले नाई बोलायचं."

"आई वाट पाहून राह्यली, मावशी," सुजाता म्हणाली.

मावशीने पदर मागे सारला, तोंड वर केलं. ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर होतं.

"यमुनाताई," ती म्हणाली, "माह्या माणसाच्या वेळेस तू आली नाई. सगळे आले. मी दाराकडं पाहत बसली, का आता येईन, मग येईन. तुहा गुडघा दुखे, मले मालूम हाये. मले सांगू नको. पण तू आली नाई." तिने पदराने नाक पुसलं. "आता नको येऊ. आता येऊन काय पाहशीन?"

मी कॅमेरा बंद केला. पण बटण दोनदा दाबलं गेलं आणि तो पुन्हा सुरू झाला, त्यामुळे पुढची बरीच मिनिटं माझ्या चपलेचं रेकॉर्डिंग आहे.

रात्री मावशीकडेच राहिलो. तिने भाकरी केली, ठेचा वाटला आणि आईचं नाव पुन्हा काढलं नाही.

सोमवारी सकाळी सहस्रकुंड. पाणी अजून चांगलं होतं. काळ्या खडकाच्या खाचांतून पैनगंगा पांढरी होऊन खाली कोसळते आणि जवळ गेलं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. खडक शेवाळलेले आहेत, चपला नकोत, पट्ट्यांचे बूट घाला. मी चपलेवर होतो. कड्याकडे रुबाबात चालत जाताना घसरलो आणि ज्या भागावर बसून हिशेब करतो त्याच भागावर बसलो. कॅमेऱ्याला खरोखरच काही झालं नाही. मात्र भिंगावर तुषाराचा एक थेंब बसला होता आणि तो मला घरी येईपर्यंत दिसला नाही. माझ्या सहस्रकुंडाच्या बरोबर मधोमध एक गोल, थरथरता फुगा आहे.

परतीला वाट वाकडी करून पुसदवरून आलो. बाजारात कार्ड रीडर घेतला, हॉटेलात मिसळ खाल्ली आणि दिग्रस, दारव्हा करत संध्याकाळी घरी. दोघांचा पेट्रोल आणि खाण्यापिण्याचा खर्च दोन हजाराच्या आत बसतो, जर तुम्ही जाण्याआधी कॅमेरा घेतला नाही तर.

इथे प्रवास संपायला हवा होता. माझा खरा इथेच सुरू झाला.

आमचा कॉम्प्युटर सुजाताच्या शाळेचे पेपर टाइप करायला घेतलेला. त्यात फोर-के व्हिडिओ टाकला तर तो दोन पावलं चालायचा आणि थांबायचा. मावशीचा आवाज पुढे, तोंड मागे. तरी मी नेटाने तुकडे जोडले, फाईल बनवली. मग नाव टाकायचं राहिलं म्हणून तीच तयार फाईल पुन्हा उघडली, नाव टाकलं, पुन्हा बनवली. मग संगीत राहिलं. मग नावातली चूक. दरवेळी आधीच्या तयार फाईलवरून पुढची. झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिची पुन्हा झेरॉक्स काढावी तसा प्रकार. शिवाय सॉफ्टवेअरने सुरुवातीलाच चौकट लहान धरली होती, ते मी पाहिलंच नाही. शेवटी जे उरलं ते घरच्या ग्रुपवर टाकलं, तिथे ते आणखी दाबलं गेलं.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम केली. मावशीचं ते बोलणं कापलं. दोडका ठेवला, कोंबड्या ठेवल्या, मागे बासरी लावली.

आईंनी फोन डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "हे कौसल्याच हाये काय? तोंडाले पीठ लावल्यावानी दिसून राह्यली." मग विचारलं, "बोलली नाई काय काही?"

"वाऱ्यात आवाज गेला, आई," मी म्हणालो.

आई आत गेल्यावर सुजाता म्हणाली, "कापलं तुम्ही."

"आईले वाईट वाटन ना."

"वाटू द्या. दोन वर्षं आई त्याच बोलण्याची वाट पाहून राह्यली. राग का असेना, बोलली तर सही कौसल्यामावशी. तुम्ही बासरी लावून ठेवली."

मग मी पहिल्यापासून सुरू केलं. जे चुकत शिकलो ते इथे सांगतो, तुमचे दिवस वाचतील. कार्डावरच्या मूळ फाइल्स आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवा आणि त्यांना हात लावू नका. कॉम्प्युटर जुना असेल तर सॉफ्टवेअरला मूळ फाइलींच्या हलक्या प्रती बनवायला सांगा. याला प्रॉक्सी म्हणतात. कापाकापी त्या हलक्या प्रतींवर करा, शेवटची फाईल बनवताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल्स उचलतं, म्हणजे दर्जा जात नाही. चौकटीचा आकार आणि सेकंदाला किती चित्रं हे शूटिंगच्या वेळी होतं तेच ठेवा. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रासाठी फाइलीत किती माहिती ठेवायची तो आकडा, मूळ फाइलीच्या जवळपास असू द्या. फाईल मोठी होईल, होऊ द्या. दुरुस्ती आठवली तर प्रोजेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं जोडकाम, उघडा, तयार फाईल नाही. आणि ग्रुपवर टाकू नका, पेनड्राइव्हवर घ्या. माझा पेनड्राइव्ह एवढी मोठी फाईल घेईना, म्हणून त्याचं फॉरमॅट बदललं. तसं केलं की आतलं सगळं पुसलं जातं, आणि त्याच्यावर सुजाताच्या सहामाही परीक्षेचे पेपर होते हे मला नंतर कळलं. ते तिने पुन्हा टाइप केले. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. बासरी काढली होती. मावशीचं बोलणं अखंड होतं.

आई खुर्ची पुढे ओढून बसल्या. मावशी बोलत होती, "तू आली नाई," आणि आईंचे ओठ हलत होते, जणू त्या उत्तर देत होत्या. बोलणं संपलं. मी हळूच रिमोट घेतला.

"थांबा," आई म्हणाल्या. "मांगं घ्या. तिनं पदर सारला तिथं."

मी मागे घेतलं आणि चित्र थांबवलं. पडदाभर मावशीचा चेहरा. सुरकुती न् सुरकुती दिसत होती. आई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत टीव्हीजवळ गेल्या आणि मावशीच्या उजव्या डोळ्यावर बोट टेकवलं.

"हे पाहा. पांढरं. मोतीबिंदू पिकला तिचा. माह्या डोळ्यात असाच होता, ऑपरेशनच्या आधी." त्यांनी दुसऱ्या डोळ्याकडे पाहिलं. "त्याच्यात बी उतरून राह्यला. सुजे, तिले दिसत नाई वं."

"पाणी सांडलं होतं तिनं," सुजाता म्हणाली. "मले वाटलं रागात सांडलं."

मी मावशीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तिच्यासमोर जो कॅमेरा धरला होता त्याला ते दिसलं, मला नाही. मी चौकट पाहत होतो.

"म्हणून म्हणे, येऊन काय पाहशीन," आई म्हणाल्या. "लेकाले बी सांगितलं नसन तिनं. कोणाले सांगणार नाई ते. गाडी पाहा, जवाईबापू. मी येतो."

"आई, तुमचा गुडघा," मी म्हणालो.

"गुडघा घेऊनच येतो."

मित्राची कार मागून घेतली आणि तिघं गेलो. त्या दिवशीचा व्हिडिओ नाही. कॅमेरा नेला होता, चार्ज केला नव्हता. मावशी ओट्यावरच होती. आई सुजाताच्या आधाराने उतरल्या आणि तिच्या शेजारी जाऊन टेकल्या.

"कोण?" मावशीने विचारलं.

"मी वं."

मावशीने हात पुढे केला, आईंचं मनगट चाचपलं, बांगड्या चाचपल्या. "उशिरा आली," ती म्हणाली.

"आली ना पण."

मावशी ऑपरेशनला तयार व्हायला पुढे चहाचे दोन फेरे आणि बरीच रडारड लागली. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आधी उजवा डोळा झाला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. पट्टी निघाल्यावर मावशीने घरात बसून सगळ्यांना एकेक करून नीट पाहिलं. माझ्यापाशी आल्यावर जरा थांबली आणि सुजाताला म्हणाली, "हे जवाईच ना? लग्नात तर बारीक होते."

सहस्रकुंडाचा व्हिडिओ, त्या थरथरत्या फुग्यासकट, मी इंटरनेटवर टाकलाय. पाहणाऱ्यांत बहुतेक नातेवाईक आहेत. मावशीचा तुकडा टाकला नाही, टाकणारही नाही. दुसरा डोळा थंडी संपल्यावर करायचा आहे.

मावशी गावी परतली आहे. आता रोज सकाळी तिचा फोन येतो. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय लांब करून बसतात आणि फोन स्पीकरवर टाकतात. तू आली नाही, मला चालता येत नव्हतं, गाडी करायची होती, गाडी कोण करून देणार होतं, असं पहिल्यापासून सुरू होतं. भांडण मिटलेलं नाही. आमचा चहा दोनदा होतो तोवर ते चालतं, आणि मग मावशी विचारते, "भाजी काय केली?"