परतीची गाडी

आई-बाबा तीन महिन्यांसाठी म्युनिकला माझ्याकडे आलेत. दिवसभर ते घरात असले की मला गुदमरतं, म्हणून मी त्यांच्यासाठी रोज एक नवं गाव शोधतो. सकाळची पहिली गाडी आणि परतीची संध्याकाळी सातची, असं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देतो. माणसांना घराबाहेर ठेवायची किती सभ्य सोय असते वेळापत्रकात. आई दशम्यांचा डबा भरते आणि दोघं निघतात.

काल बाबांच्या मोबाइलमधले फोटो पाहिले. ज्या तळ्यासाठी पाठवलं होतं, ते एकदाच दिसलं. बाकी सगळीकडे फलाटावरचं तेच बाक, आणि मागच्या घड्याळात दोन, चार, पाच.

“अगं, गाड्या तर तासातासाला असतात,” मी बोलून गेलो.

आई डबा घासत होती. “माहीत आहे रे. पण तू सातची लिहिली होतीस ना.”