वहीत न लिहिलेलं तेल

नवरा फिजिओथेरपीला गेला होता त्या शनिवारी मी त्याच्या ट्रकचं पुढचं तेल बदललं आणि त्याला सांगितलं नाही.

ट्रक म्हणजे रिमोटवर चालणारा, बसायच्या पाटाएवढा. चारही चाकांना जोर, वर रंगवलेलं प्लॅस्टिकचं कवच, आत बॅटरी आणि मोटर. पाहुणे त्याला खेळणं म्हणतात, आम्ही वाद घालत नाही. कामोठ्याच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर लाल मातीचा ट्रॅक केलेला आहे. दर दुसऱ्या रविवारी पंधरा-वीस माणसं तिथे शर्यतीला जमतात. बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे पुरुष, आणि मी.

मी तिथे हौसेने गेले नाही. नवऱ्याच्या उजव्या हाताची तर्जनी अडकायला लागली. वाकवली की वाकलेलीच राहायची, मग दुसऱ्या हाताने सरळ करावी लागायची. पोळी मोडताना अडकली तर चालतं, पण रिमोटवर वेग त्याच बोटाने दाबायचा असतो. एका रविवारी बोट दाबलेल्या जागी अडकलं आणि ट्रक ट्रॅक सोडून पाण्याच्या टँकरच्या चाकावर जाऊन आदळला. टँकरवाला खाली उतरला, ट्रककडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, लायसन आहे का?"

त्यानंतर रिमोट माझ्याकडे आला. "बोट बरं होईपर्यंत," नवरा म्हणाला. "शर्यती चुकवल्या तर गुणतक्त्यातून नाव जाईल." म्हणजे गाडी त्याची, नाव त्याचं, बोट माझं.

चालवणं जमलं. ट्रक आपल्याकडे तोंड करून यायला लागला की डावं-उजवं उलटं होतं, तेवढं शिकायला दोन महिने गेले. अडचण वेगळीच होती. सरळ पट्टा संपतो तिथे डावं वळण आहे. तिथे मी वेग सोडला की ट्रकचं तोंड झटकन आत वळायचं, मागची बाजू फिरायची आणि ट्रक उताणा. दर शर्यतीत तीन-चार वेळा.

"तू बोट एकदम सोडतेस," नवरा म्हणायचा.

"मग काय धरून ठेवू?"

"हो. वळणावर सोडायचंच नाही. दाबून ठेवायचं, गाडी आपोआप फिरते."

"तुम्ही खरी गाडीही तशीच चालवता. तुमच्या आई मागच्या सीटवर बसायच्या त्या उगीच नाही."

तो सांगत होता ते त्याच्यापुरतं खरं होतं. या ट्रकला पुढे, मध्ये आणि मागे मिळून तीन डिफरन्शियल असतात, म्हणजे लिंबाएवढे गिअरचे डबे. प्रत्येकात सिलिकॉनचं तेल भरायचं. तेल किती पातळ, किती दाट, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. पुढचं पातळ असलं की वेग सोडताच गाडी आत घुसते, दाट असलं की शांतपणे वळते. बाटलीवर आकडा असतो, मोठा आकडा म्हणजे दाट तेल. नवऱ्याने सात वर्षं हे सगळं स्वतःच्या बोटाला जुळवत आणलं होतं आणि पुढे पाच हजारवर येऊन थांबला होता. तो वळणावर वेग सोडतच नसे, त्यामुळे ते पातळपण त्याला कधी बाधलं नाही. मी सोडायची. मी दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून पळत होते आणि खोट माझ्या चालण्यात काढली जात होती. काही दिवसांनी मीही तसंच धरून चालले, की आपला हातच बरा नाही.

दोनदा मी दाट तेल सुचवलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाला, "मी दोन महिन्यांत परत येईन, तेव्हा पुन्हा सगळं खोलायचं?" बोटाचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. अडकणं थांबलं होतं, पण बोट पूर्ण मिटत नव्हतं. ट्रक त्याने त्या बोटासाठी राखून ठेवला होता.

म्हणून मी न सांगता दहा हजार घातलं. पन्नास मिनिटं लागली. स्क्रू पुसून जागेवर लावले, टेबलावरचे डागाळलेले कागद बदलले. उरली वही. प्रत्येक शर्यतीआधी ट्रकची सगळी मापं तीत लिहायची असतात, आणि ती मीच लिहिते, कारण नवऱ्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नाही. मी मागच्या पानावरून उतरवलं. पुढे, पाच हजार.

इथे सांगायला हवं की रबाळ्याला एका कंपनीत मी क्वालिटी बघते. तिथे रबरी सील बनतात. मिश्रण बदललं आणि लिहिलं नाही, म्हणून मी माणसांना मेमो दिलेले आहेत. "पण मॅडम, माल चांगला निघाला ना," असं म्हणणाऱ्याला मी सांगते, माल चांगला निघाला हे तुझं नशीब, लिहिणं ही तुझी नोकरी.

रविवारी मी दुसरी आले. ट्रक एकदाही उलटला नाही.

"तिला सवय झाली," नवरा सगळ्यांना सांगत होता. "मी म्हणतच होतो, सेटिंगमध्ये खोट नाही."

मी समोसा खात होते, खात राहिले.

शर्यती दोन गटांत होतात. दुसऱ्या गटात जुईनगरचे एक दाताचे डॉक्टर आहेत. हात फार सफाईचा, माझ्यासारखेच वळणाआधी वेग सोडणारे. ते आले आणि म्हणाले, "वहिनी, हे सेटिंग मला हवं." नवऱ्याने माझ्यादेखत वही उघडून धरली आणि त्यांनी फोटो काढला. तेव्हा सांगता आलं असतं. पण भोवती आठ-दहा माणसं होती, आणि नवरा कितीतरी दिवसांनी ट्रॅकवर मोठ्याने बोलत होता.

या ट्रॅकवर एक नियम आहे. आपली शर्यत संपली की रिमोट ठेवायचा आणि दुसऱ्या गटाच्या शर्यतीत कोपऱ्यावर उभं राहायचं. समोर कुणाचाही ट्रक उलटला की धावत जाऊन सरळ करायचा. त्या माणसाला मार्शल म्हणतात आणि यातून कोणी सुटत नाही. पंधरा दिवसांनी डाव्या वळणावर मी मार्शल होते आणि शर्यत डॉक्टरांच्या गटाची.

पहिल्याच फेरीत त्यांचा ट्रक माझ्या पायाशी उताणा. सरळ केला. तिसऱ्या फेरीत पुन्हा. तोंड झटकन आत, मागची बाजू फिरली, चाकं आभाळाकडे. माझा जुना ट्रकच बघत होते मी. डॉक्टर वर, चालवणाऱ्यांच्या लोखंडी मचाणावर उभे होते, आणि दर वेळी तिथून म्हणायचे, "सॉरी, वहिनी." पाचव्यांदा पुढचं चाक धरून ठेवणारा आर्म मोडला. लोंबतं चाक हातात धरून मी ट्रक बाहेर आणला.

डॉक्टर खाली आले. "सेटिंग तर तुमचंच आहे," ते म्हणाले. "माझा हातच बिघडलाय बहुतेक. वय झालं."

जे मी सहा महिने स्वतःला सांगत होते ते आता हा माणूस सांगत होता, आणि तेही माझ्या आकड्यापायी. मी तशीच आमच्या टेबलाकडे गेले. नवरा टायर पुसत बसला होता.

"पुढे पाच हजार नाहीये," मी म्हटलं. "दहा आहे. मी घातलं."

त्याचा हात थांबला नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू दुसरी आलीस त्या सकाळपासून. शर्यतीआधी मी चाक फिरवून बघतो ना. एक धरायचं, दुसरं फिरवायचं. जड लागलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काय लिहितेस ते बघत होतो."

"आणि डॉक्टरांना चुकीचा आकडा दिलात?"

"वहीत होता तो दिला. वही कोण लिहितं?" मग त्याने पुढचा टायर पुसायला घेतला. "वाटलं, तू तिथल्या तिथे बोलशील. कंपनीत तर कोणाला सोडत नाहीस. आणि मी बोललो असतो तर ते तेल ठेवायचं की काढायचं, हे ठरवावं लागलं असतं."

म्हणजे आम्ही दोघांनी मिळून एका सज्जन माणसाचा आर्म मोडला होता. आमच्या डब्यातून नवा आर्म काढून दिला आणि खरा आकडा सांगितला. "म्हणजे दुसऱ्याच पेशंटचा एक्स-रे," डॉक्टर म्हणाले. "आणि मी रोज सकाळी सोसायटीच्या गच्चीवर सराव करतोय हो." मग दहा हजारची बाटली मागून घेऊन ते ट्रक खोलायला बसले.

मी वही काढली. कंपनीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. तशी दोन पानं दुरुस्त केली. तेव्हा लक्षात आलं की चालकाच्या रकान्यात सहा महिने मी नवऱ्याचं नाव लिहीत आले होते.

दुपारच्या सुट्टीत त्याने रिमोट मागितला. टँकरनंतर पहिल्यांदाच. ट्रॅक रिकामा होता. वळणावर त्याने सवयीने वेग दाबून धरला, ट्रक वळायलाच तयार होईना, सरळ जाऊन कडेच्या पाइपला धडकला. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. ते अर्ध्यावर येऊन थबकायचं आणि मग सावकाश पुढे जायचं.

"म्हैस केलीस गाडीची," तो म्हणाला आणि रिमोट माझ्या हातात दिला.

"पाच हजार घालू? अजून तासभर आहे."

त्याने ट्रक पाइपजवळून उचलून आणला. पुढचं एक चाक धरलं, दुसरं दोनदा फिरवलं. "माझ्यासाठी काढलंस तर तू उलटणार," तो म्हणाला. "राहू दे. आणि तक्त्यावरचं नाव बदलून घे. उगाच माझ्या नावावर तुझे गुण."

सुट्टी संपली तरी डॉक्टरांचं तेल भरून झालं नव्हतं. पुढची शर्यत आमच्या गटाची, म्हणजे मार्शल म्हणून त्यांनी उभं राहायला हवं. त्यांच्या जागी नवरा गेला, डाव्या वळणावर. मी मचाणावर चढले. सगळी शर्यत तो तिथे कमरेवर हात ठेवून उभा होता. मी चौथी आले.

"चौथी," मी खाली येऊन म्हटलं.

"उगाच उभा राहिलो तिथे," तो म्हणाला. "एकदाही वाकायला मिळालं नाही."