गटाराच्या झाकणाचा इतिहास

मुलीला शाळेत इतिहास शिकवणारे सर इथे मिनेसोटात मोजकंच बोलत. पालकसभेत आमच्या वाट्याला "शी इज फाइन" एवढंच यायचं. त्यांच्या इटलीच्या विद्यार्थी सहलीत आम्ही घरचेही जायचं ठरवलं, तेव्हा मुलीने बजावलं, "आजीमुळे ग्रुप थांबला तर आय विल डाय!" सासूबाईंचे गुडघे दुखतात. मला धास्तीच होती.

तिथल्या सिएना शहराच्या चढावर मात्र सर प्रत्येक वळणावर थांबून बोलू लागले. एकदा तर गटाराच्या झाकणावर बोलले. मुलं वैतागली. मागून सासूबाई पोचल्या, पायरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या.

"किती बोलतो गं हा माणूस! पण बरंय, तेवढाच दम खाता येतो."

त्यांनी बाटली पिशवीत टाकली आणि सरांचं वाक्य अर्ध्यावरच संपलं. पुढच्या वळणावर मी बाटलीवर नजर ठेवली. पुन्हा तसंच झालं. माझा जीव भांड्यात पडला.

सहलभर ग्रुप थांबला तो सरांमुळे. मुलीने रागही त्यांच्यावरच काढला.

परतताना विमानतळावर सगळीकडे सपाट फरशी होती. सर चकार शब्द बोलले नाहीत.