डोलकाठी आणि दिवसाची लाईन

आमच्या घरी शिडाची होडी आहे. परतूरमध्ये हे सांगितलं की लोक आधी थट्टा समजून हसतात आणि मग हळूच विचारतात, "कशाला?" माझ्या नवऱ्याने वीस वर्षं नौदलात जहाजाच्या इंजिनांजवळ काढली, तिथल्या आवाजात कान घालवले आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर दोन वर्षं निमूटपणे सोयाबीन पेरलं. तिसऱ्या वर्षी पुण्याकडच्या कुणा हौशी माणसाकडून ही जुनी होडी घेतली, चाकांच्या गाड्यावर चढवली आणि जीपच्या मागे बांधून आणली. वाटेत चहाला थांबलो तिथे एका म्हाताऱ्याने हे कोणतं नवीन पेरणी यंत्र म्हणून चौकशी केली. ह्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी नुसतं "हो" म्हटलं.

होडी जेमतेम पंधरा फुटांची, पण तिची डोलकाठी वीस फुटांची, ॲल्युमिनियमची. रस्त्याने जाताना ती होडीच्या पाठीवर आडवी बांधलेली असते. पाण्यावर पोचलं की उभी करायची, परत निघताना उतरवायची, आणि हे काम दोघांचं आहे. काठीचा बुंधा होडीत एका बिजागरीला जोडलेला असतो. हे होडीत उभे राहून काठी खांद्यावर घेतात आणि एकेक पाऊल पुढे टाकत वर ढकलतात. मी होडीच्या नाकासमोर जमिनीवर उभी राहून काठीच्या टोकाकडून आलेला दोर ओढते. काठी सरळ झाली की तिला उभी धरून ठेवणारी पुढची तार होडीच्या नाकावरच्या पिनेत अडकवायची. मग हे "बराबर!" असं ओरडतात, आणि ते एवढ्या मोठ्याने की पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात.

पहिल्या दिवशी मी तो दोर कासऱ्यासारखा हिसके देऊन ओढला होता. ह्यांचा अंगठा बिजागरीत सापडून सुजला. "अगं, बैल न्हाई ती!" म्हणाले. मी म्हणाले, "बैल असता तर एव्हाना उठला असता." पण नंतर जमलं. दोर हातात असला की ह्यांच्या खांद्यावर किती भार आहे ते मला इथे खाली कळायला लागलं.

होडी आम्ही धरणाच्या फुगवट्यावर न्यायचो. तिथे बुडालेल्या गावाकडे जाणारा जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरतो. बाकी सगळ्या काठाला काळी माती, गाडा रुतला की ट्रॅक्टर बोलवा. त्या रस्त्याची अडचण एकच होती. काठावरच्या शेतीपंपांची विजेची लाईन त्याच्यावरून आडवी जाते आणि मधोमध झोळीसारखी खाली आली होती. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, तेव्हा तार कुठल्या कुठे राहते. पण त्या वर्षी धरण काठोकाठ भरलं. सगळा तालुका खूश, आणि पाणी तारेपासून सहा-सात पावलांवर आलं. गाडा मागे सरकवत पाण्याला टेकवला की होडीचं नाक जवळजवळ तारेखाली यायचं. काठी उभी झाली की तारेपासून हात-दोन हात लांब राहायची.

"इथं न्हाई जमायचं," हे म्हणाले.

"का न्हाई? दिवसा लाईन कुठं ऱ्हाती?" मी म्हणाले.

आमच्याकडे शेतीची लाईन, म्हणजे वीज, पाळीने येते. त्या हंगामात सोमवार ते गुरुवार रात्री, शुक्रवार ते रविवार दिवसा. हे समुद्रावर होते ती वीस वर्षं शेत मी पाहिलं आहे. रात्रीच्या पाळीला उठून मोटार मी चालू केली आहे, सरीसरीतून पाणी मी वळवलं आहे. घरात लाईनची मालकी माझी. ज्या दिवशी पाळी नाही त्या दिवशी ती तार म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी, असं मी म्हणाले. ह्यांनी थोडा वेळ तारेकडे पाहिलं, थोडा वेळ माझ्याकडे. जिवंत तारेला ॲल्युमिनियमची काठी लागली तर ती खांद्यावर घेतलेला माणूस उरत नाही, हे इंजिनं सांभाळलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. तरी ते तयार झाले. मी म्हणाले म्हणून.

मग रीतच पडली. जीप थांबली की हे विचारायचे, "लाईन?" मी म्हणायची, "न्हाई." त्यानंतरच काठीला हात. मला त्या प्रश्नाचं फार अप्रूप होतं, खोटं कशाला सांगू. इंजिनांचे काटे आणि धोक्याचे दिवे वाचणारा माणूस माझ्या एका शब्दावर खांदा द्यायचा.

तो बुधवार होता, हिवाळ्यातला. ऊन कोवळं, वारा बेताचा. "लाईन?" "न्हाई." हे होडीत चढले, काठी खांद्यावर घेतली. मी दोर धरला. काठी अर्ध्याच्या वर गेली असेल, तेवढ्यात उजवीकडच्या गव्हातून खट् असा आवाज आला.

मोटारीच्या स्टार्टरचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. आता सगळ्यांनी ऑटो बसवलेत, लाईन आली की मोटारी आपोआप चालू होतात. पहिल्या खट्मागून दुसरा, मग तिसरा. बांधावरच्या पाइपाने दोन-तीनदा हवा ओकली आणि पाणी पडायला लागलं. माझ्या डोक्यावरची तार जिवंत होती, आणि काठी तिच्याकडे मीच ओढत होते.

ओरडायचं नाही, हे मला कुठून सुचलं माहीत नाही. पण ह्यांना हाक मारली की हे "काय?" म्हणत पुढे वाकतात, ही त्यांची सवय आहे. पुढे वाकले असते तर काठीही पुढे आली असती. दोर एकदम सोडला असता तर ती त्यांच्या डोक्यावर बसली असती. मी ओढायची थांबले. त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मान खाली हलवली आणि दोर एक वीत सैल केला, मग आणखी एक वीत. दोर सैल पडतोय हे त्यांना खांद्यावर कळलं. त्यांनी काही विचारलं नाही. एकेक पाऊल मागे घेत काठी उतरवली, जागेवर ठेवली, बांधली आणि खाली उतरले. तेव्हा त्यांनी पाइपातून पडणारं पाणी पाहिलं आणि रस्त्यावरच बसले. मीही त्यांच्या शेजारी बसले.

मग त्यांनी फोन काढून वायरमनला लावला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू, आवाज चढा. "टाईम बदलला तर सांगायचं न्हाई का? माणूस मेला असता इथं!" पलीकडचा घाबरून गेला. म्हणाला, "साहेब, रातच्याला काम निघालं म्हनून आज दिवसा दिली. सकाळी सहालाच ग्रुपवर मेसेज टाकला व्हता."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आल्ता का मेसेज?"

फोन माझ्या पिशवीत होता. गावच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं, कुणाचे वाढदिवस, कुणाच्या म्हशीचा फोटो. पस्तीस मेसेज आलेले मी सकाळी चहा पिताना पाहिले होते आणि एकही उघडला नव्हता. कशाला उघडायचा? पाळी मला पाठ होती.

"न्हाई आल्ता," मी म्हणाले.

ह्यांनी फोनमध्ये सांगितलं, "माझी बायको खोटं बोलून राह्यली का?" आणि त्या माणसाला आणखी दहा वाक्यं ऐकवली. मी पाण्याकडे बघत राहिले.

पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात कौतुकाचे गेले. हे भेटेल त्याला गोष्ट सांगायचे. आडतीवर कापूस घेऊन आलेल्यांना, न्हाव्याला, स्टँडवरच्या ओळखीच्या कंडक्टरला, फोनवर मुलीला. "हिच्या कानांनी वाचवलं. एक शब्द न्हाई, नुसता दोर सैल केला. आमच्या जहाजावर असं कुणी नव्हतं." बायका मला येऊन हात लावून बघायच्या. आणि प्रत्येक वेळी गोष्टीच्या शेवटी त्या वायरमनचा उद्धार व्हायचा. शनिवारी ह्यांनी वीज कार्यालयात द्यायला अर्ज लिहिला. 'सदर कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे' असं त्यात होतं, 'माझ्या पत्नीच्या सावधगिरीमुळे' असंही होतं. माझं मराठी बरं म्हणून मला तपासायला दिला. मी त्यातल्या दोन वेलांट्या सुधारून दिल्या. इतकी खाली मी कधी गेले नव्हते.

सोमवारी अर्ज द्यायचा होता. रविवारी आम्ही होडी नव्या जागी नेली, दुसऱ्या काठाला एका ओळखीच्या माणसाच्या पडीक रानात. मुरमाड उतार, गाडा रुतत नाही आणि जवळपास खांब नाही. हे होडीत चढले, मी दोर धरला. काठी सुरेख चढली. पिन बसली. "बराबर!" बगळे उडाले.

मला आणखी एक दिवस ते कौतुक सोसवणार नव्हतं. दोर हातात तसाच होता. मी म्हणाले, "मेसेज आल्ता."

"काय?"

"मेसेज आल्ता!"

"कुणाचा?"

कुठेतरी कोपऱ्यात, खाली मान घालून सांगायची गोष्ट मला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावी लागली. "लाईनचा! त्या दिवशी सकाळीच आल्ता! मी उघडलाच न्हाई! तुम्हाला खोटं सांगितलं!" थोड्या अंतरावर जाळं सोडवत बसलेल्या दोघा मासेमारांनी माना वर केल्या आणि सभ्यपणे पुन्हा खाली घातल्या.

हे होडीच्या काठावर बसले. मग म्हणाले, "मंग मी त्या माणसाला काय काय बोललो." स्वतःच्या जिवाचं काही बोलले नाहीत. फोन काढला, स्पीकर लावला.

"बोला साहेब." आवाजातच भीती होती.

"चूक तुमची नव्हती. मेसेज आल्ता. आमच्याकडून पाहायचा राह्यला. मी लई बोललो."

मग तो म्हणाला, "न्हाई साहेब. मेसेज टाकला की झालं, असं बी न्हाई ना. तुमी तिथं व्होडी लावता ते मला ठावं व्हतं. एक फोन करायला पायजेल व्हता. तवापासून मला झोप न्हाई. काल जाऊन ती तार ताणून घेतली, चांगली वर गेली. मॅडमला सांगा, आता भ्यायचं काम न्हाई."

ह्यांनी खाली वाकून फोन माझ्यापुढे धरला. मला रडू फुटलं. चार दिवस मी त्याच्यावर खापर फोडून मिरवत होते आणि तो खांबावर चढून माझ्यासाठी तार ताणत होता. मी कशीबशी म्हणाले, "भाऊ, मेसेज मी उघडला न्हाई, आन् तुमच्यावर ढकललं." तो गडबडून गेला. "असू द्या ताई, असू द्या," एवढंच म्हणत राहिला.

त्या दिवशी आम्ही शीड चढवलं नाही. काठी उतरवली आणि घरी आलो. ह्यांनी तो अर्ज काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहायला घेतली. ज्याला ज्याला ती गोष्ट सांगितली, त्या सगळ्यांची. चौदा निघाली. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता खरं काय ते तू सांगायचं. मी न्हाई सांगणार." रागावून नाही म्हणाले. जहाजावर कामं वाटून देतात तसं म्हणाले.

मी सांगितलं. आडतीवर गेले, स्टँडवर गेले, न्हाव्याच्या दुकानात तर दारातूनच सांगून आले. कुणी हसलं, कुणी "जाऊ द्या हो" म्हणालं, एका बाईने मला लावलेला हात जणू परत घेतला. मुलीचं नाव यादीत शेवटी होतं. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती चिडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "आई, आता बाबा तुला विचारतील का गं, लाईन आहे का म्हणून?"

शेजारच्या खोलीत हे होडीचा दोर उलगडून पुन्हा नीट गुंडाळत बसले होते. मी तिला म्हणाले, "माहीत न्हाई." मला खरंच माहीत नव्हतं.