तीन स्पीकर, तीन घोंगड्या

विधानसभेच्या अध्यक्षाला आमच्याकडं, कर्नाटकातल्या मराठी मुलखात, स्पीकरसाहेब म्हणतात. मी आजवर तीन स्पीकर जवळून पाहिले आणि तिघांचाही मला मनापासून राग आहे.

सुरुवात माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या एका समजुतीनं झाली. संतपूरच्या हॉटेलात त्यांनी टीव्हीवर विधानसभा पाहिली. उंच खुर्चीवरच्या माणसानं "बसा" म्हटलं आणि मुख्यमंत्रीसुद्धा गप बसले. घरी येऊन अप्पा म्हणाले, "समदे मंत्री ह्याला भेतेत. आपलं काम ह्योच करनार."

काम एवढंच, की गावच्या मराठी शाळेत आठवीचा वर्ग हवा होता. थोरली बहीण, अक्का, सातवी पास होऊन घरी बसली होती. मला काकांकडं बीदरला, नौबादला ठेवून शिकवायचं ठरलं होतं. मुलीला परगावी ठेवायची पद्धत नव्हती, आणि पद्धत म्हटलं की आमच्या घरात बोलणं संपायचं.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. मोठ्या माणसाला शाल नाही, घोंगडी द्यायची. अक्कानं दोन महिने लोकर कातली, अप्पांनी विणली. पहिला स्पीकर संतपूरला आला तेव्हा त्यानं ती खांद्यावर घेऊन फोटो काढला, आमचा अर्ज सोबतच्या माणसाकडं दिला आणि म्हणाला, "नोडोणा." म्हणजे बघू. बघतोय अजून.

दुसरा आला तेव्हा मी नववीत होतो. कन्नडमधला अर्ज मीच लिहिला. त्याच आठवड्यात मास्तरांनी शिकवलं होतं, की कुणी कधी बोलायचं एवढंच स्पीकर ठरवतो; शाळा देणं मंत्र्यांकडं. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर अक्काला कुठं शिकवायचं हा प्रश्न घरात आला असता, आणि काकांकडं जागा एकाचीच होती. मी अर्जावर अप्पांचा अंगठा घेतला. त्या स्पीकरच्या ड्रायव्हरनं आमची दुसरी घोंगडी सीटवर अंथरली.

तिसरा गेल्या वर्षी आला, देवळाच्या कार्यक्रमाला, थेट आमच्या गावात. अक्काला गावातच दिलेली. तिची पोरगी सातवीत होती. आठवी अजून नव्हतीच. अक्कानं पुन्हा लोकर कातली, अप्पांनी विणली. घोंगडी त्याच्या खांद्यावर घालून अक्कानं स्वतःच कन्नडमध्ये आठवीचं विचारलं. तो हसला. म्हणाला, "बाई, ते माझ्या हातात नसतं. मी फक्त सभा चालवतो."

अक्काचं कन्नड तिथंच संपलं, ती मराठीवर आली. "मंग ही कामून घेतलाव?" म्हणत तिनं घोंगडी त्याच्या खांद्यावरून ओढून घेतली. अप्पा खाली मान घालून उभे राहिले. ती सरळ गर्दीत उभ्या असलेल्या माझ्याकडं आली.

"तुला ठावं होतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"नववीपासून."

तिनं घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली आणि घरी गेली.

आता टमटम झाल्यात. भाची रोज धूळ खात आठवीला संतपूरला जाते. नौबादला माझं स्वतःचं घर आहे, एक खोली रिकामीच असते. पोरीला माझ्याकडं ठेव, असं मी अक्काला दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा ती कन्नडमध्येच बोलली.

"नोडोणा."